सावलीतला सापकांदा

नमस्कार. मागच्या ओळीतल्यांनी जरा पुढं यावं, टेबलावरची ही कुंडी तिथून दिसायची नाही. पान पिवळं पडलंय, देठ कलंडलाय, आणि त्याच्याशेजारी मक्याच्या कणसासारखं पण बोटाएवढंच लालभडक काहीतरी आडवं झालंय ना, ते दाखवायला म्हणून आज मी उभी आहे. हा पांढरा सापकांदा. ऑक्टोबरमधलं त्याचं हे रूप फारसं कुणी बघत नाही. जूनमधलं मात्र बघितलेलं असणार. आंबा घाटात नाहीतर राधानगरी-दाजीपूरकडं मृगाचे दोन-चार पाऊस झाले की झाडाखालच्या पाचोळ्यातून पांढरा फणा वर येतो. टोक पुढं झुकलेलं, घशाशी जांभळट छटा. पान मागाहून येतं. एकच, पण छत्रीच्या काड्या उघडाव्यात तशा पर्णिका चहूबाजूंनी पसरतात.

साप बिळातून बाहेर पडायचे तेच दिवस आणि फुलाला फणा, म्हणून हे नाव. माझ्या माहेरी तर हे दिसलं की पहिली काठी बसायची. तेव्हापासूनच मला हे झाड घरी लावायचं होतं, काठीच्या आवाक्याबाहेर.

झाडाचं शास्त्रीय नाव अरिसीमा मरेई. जॉन ग्रॅहॅमच्या 1839 च्या मुंबईकडच्या वनस्पतींच्या यादीतही ते आहे. याच प्रजातीतली एक जात आपल्या सह्याद्रीच्या नावाची, अरिसीमा सह्याद्रिकम. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन करणाऱ्यांत आपल्या शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव आहेत. कोल्हापूरकरांनी हे माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं.

आता माझ्या कुंड्यांची गोष्ट. विषयाला धरूनच आहे, जरा लांबेल.

पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या परसात फणसाचं झाड आहे. त्याच्याखाली मी बियांपासून नऊ कुंड्या केल्या होत्या. पहिल्या वर्षी एकेक पान, तेही तुळशीच्या पानापेक्षा थोडं मोठं. दुसऱ्या वर्षी त्याचे तीन तुकडे. पाचव्या पावसाळ्यात चार कुंड्यांत फुलं आली. दिवाळीनंतर पानं वाळली, कांदे मातीत झोपले, आणि मार्चमध्ये मी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेले. परत आले ती मेच्या शेवटी. धाकट्या जाऊबाई दारातच म्हणाल्या, ‘अक्का, तुमच्या कुंड्या अगदी कोरड्याठक्क पडल्या होत्या हो. मी रोज तांब्या-तांब्या पाणी घातलं, एक दिवस चुकवला नाही.’

मी एक कुंडी उपडी केली. वरची माती निघाली, तिच्याखाली मऊ, पाणचट, सडक्या रताळ्याच्या वासाचा लगदा. आठ कुंड्यांत तेच. नववी कौलाच्या पागोळीमागं कोपऱ्यात होती, तिथं जाऊबाईंचा हात पोचला नव्हता. कांदा बाहेर काढला तर घट्ट, सुपारीसारखा. जाऊबाई रडायला लागल्या, मीही रडले. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. कोरडी कुंडी दिसली की पाणी घालायचं, हे आपल्याला लहानपणापासून तुळशीनं शिकवलंय.

सापकांद्याला मात्र ते चालत नाही. मला आज जे सांगायचंय ते हेच. हे झाड चार महिने जमिनीच्या वर असतं आणि आठ महिने खाली. ते खालचे आठ महिने आपण जपले पाहिजेत. तुमच्यापैकी निम्म्यांच्या गोठ्यात म्हैस आहे. व्यायच्या आधी दोन महिने तिला आटवता, धार काढत नाही. का? तिच्या अंगात ताकद राहावी म्हणून. इथंही तेच. या प्रजातीतली झाडं कांद्यातल्या साठ्यावर नर-मादी ठरवतात. कांदा लहान तर नर फुलं, तो भरला की मादी. फळं धरून दमलं, की पुढच्या वर्षी पुन्हा नर. परागण बुरशीवर वाढणारी बारीक चिलटं करतात. काही जातींत नर फण्याला बुडाशी फट असते, चिलट पराग घेऊन निसटतं. मादी फण्याला ती फट नसते, चिलट आतच मरतं. कुंडीत बी धरलं म्हणजे कांदा भरला होता आणि एखादं चिलटही आपल्या परसात येऊन गेलं. टेबलावरचं हे लाल फळांचं कणीस त्याच नवव्या कुंडीतलं आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. लागवड सांगायची राहिली, भराभर सांगते.

रानातून कांदा खणून आणू नका. अभयारण्यात तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे. शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत मी खणलेले कांदे विकायला ठेवलेले बघितलेत, मुळं तुटलेली, माती रानातलीच. घेऊ नका. बी घ्या. लाल गर चोळून काढायचा, पण हातमोजे घालून. हा अळू-सुरणाच्या घरातला आहे, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया हाताला झोंबतात. लहान मुलांच्या तोंडापासून लांब. बी सावलीत सुकवून ठेवायचं आणि रोहिणी संपता संपता पेरायचं.

मातीत निम्मा कुजलेला पालापाचोळा, थोडी जांभ्याची खर, पाणी साचता कामा नये. आंबा, फणस, नाहीतर घराची पूर्वेकडची भिंत. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. मोठा कांदा चार बोटं खोल. पान पिवळं पडायला लागलं की पाणी कमी, वाळलं की बंद. मग कुंडी आडवी करून पागोळीमागं सरकवा, तुळशीपासून लांब.

बिया मी आणल्यात. धाकट्या जाऊबाई दाराशी पुड्या घेऊन बसल्यात, एकेकानं पाचच घ्या. पुडीवर ‘दिवाळी ते मृग, पाणी नाही’ असं लिहिलंय, ते अक्षर त्यांचंच आहे.