कमी बजेटात मँडोलिन घेताना

नमस्कार मंडळी. आज मँडोलिनबद्दल बोलायचंय, आणि तेही कमी पैशातल्या, कारण सांगलीत विश्रामबागेत आमच्या शेजारी एक नववीतली पोरगी राहते, तिच्या बाबांनी हौसेनं मँडोलिन आणून दिलं, लाल चकचकीत, खांद्यावर गोगलगायीसारखा वळसा असलेलं, आणि दोन आठवड्यात ते माळ्यावर गेलं. का गं विचारलं तर म्हणाली, काका, बोटं लई दुखतात. मी हातात घेऊन पहिल्या पडद्यावर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे पडदे) तार दाबली तर माझं बोट कळवळलं, आणि मी पंचवीस वर्षं वाजवतोय! पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, वाद्य सेट केलेलंच नव्हतं, म्हणजे तारांची उंची नीट करून घेतलेलीच नव्हती.

बघा, मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, ट्युनिंग व्हायोलिनचंच, जी डी ए ई. सगळ्या तारांचा ताण मिळून ७५-८० किलोच्या घरात जातो, आणि दाबायच्या दोन तारा एकदम, त्यामुळं तारा जरा जरी उंच असल्या तरी नवीन माणूस दमतो. दुकानात जाताना दोन एटीएम कार्डं न्या. एकावर एक ठेवली की दीड मिलिमीटर होतात, बाराव्या पडद्यावर तारेखाली ती जेमतेम सरकली पाहिजेत. दोन मिलिमीटरपर्यंत चालेल, त्याच्या वर नको. मग तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्याकडं बघा, तिथं केसाएवढीच फट हवी. जास्त असली तर मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचा खोल करून घ्याव्या लागतात, आणि स्वस्त वाद्यात नव्वद टक्के त्रास मला इथंच सापडलाय. हे काम घरी कानशीनं करू नका, खाच जास्त गेली की तार झणझणायला लागते. आपल्याला मिरज जवळ आहे, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) बसवणं पिढ्यान् पिढ्या करणारे हात आहेत तिथं, मी माझं वाद्य तिथंच नेतो. शेजारच्या पोरीचंही तिथंच नेलं.

म्हणून माझं म्हणणं असं की सगळं बजेट वाद्यावर संपवू नका, सेटिंगला थोडे बाजूला ठेवा. आणि तो वळसा, ज्याला एफ स्टाईल म्हणतात, त्याचे पैसे देऊ नका, ते कोरीवकामाचे पैसे आहेत, आवाजाचे नाहीत. साधं थेंबाच्या आकाराचं ए स्टाईल घ्या आणि तेच पैसे वरच्या फळीत घाला. फळी सॉलिड आहे का प्लायची, ते भोकाच्या कडेला बघा, लाकडाची रेषा वरून आत सरळ उतरली तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय. गोल भोकाचा आवाज गोड आणि भरीव येतो, घरी भावगीतं वाजवायला मला तोच आवडतो, ऑर्केस्ट्रात घुसायचं असेल तर एफ आकाराची भोकं बरी.

लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मँडोलिन वाजवायचे हे तुम्हाला माहीत असेलच. ते थरथरते लांब सूर जोडीतल्या दोन्ही तारा एकजीव असतील तरच गोड लागतात, त्यामुळं खुंट्या फिरवून बघा, ढिल्या असतील किंवा सूर घसरत असेल तर ते वाद्य दुकानातच ठेवून द्या.

आणि एक. घोडी चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती पडते, म्हणून एकेक करून बदला. हलली असेल तर बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर एक येईपर्यंत सरकवा, दाबलेला चढा वाटला तर घोडी मागं, शेपटीकडं. तारा मागताना टोकाला फासा असलेल्या मागा, बहुतेक मँडोलिनला त्याच लागतात. नाही मिळाल्या तर गिटारच्या बारीक तारेच्या टोकाची पितळी गोळी पकडीनं दाबून फोडा, आत फासा तयारच असतो, फक्त डोळे सांभाळा.