मुसोलिनीला हुकूमशहा व्हायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत कुणी काय केलं?

नमस्कार मंडळी.

रायगड जिल्ह्यात माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. त्याच तालुक्यातल्या पळसगावचे ते. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर मशीनगन सुरू झाली. घाडगे सोडून सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना त्याच बंदुकीने ठोकून मारलं. आणि मग लपून बसलेल्या नेमबाजाची गोळी लागली. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

माणगावचा पोरगा टायबरच्या खोऱ्यात का पडला? हा प्रश्न घेऊन वाचत गेलो की आपण त्याच नदीवर येऊन पोचतो, फक्त रोम शहरात आणि 20 वर्षं मागे.

10 जून 1924, दुपारी साडेचारचा सुमार. जाकोमो मातेओत्ती घरातून निघून नदीकाठच्या रस्त्याने चाललेत. समाजवादी खासदार, वय 39. अकरा दिवसांपूर्वी त्यांनी भर संसदेत उभं राहून सांगितलं होतं की नुकतीच झालेली निवडणूक पंतप्रधान मुसोलिनीच्या लोकांनी मारहाणीच्या आणि दहशतीच्या जोरावर जिंकली आहे, ती रद्द करा. आरडाओरडा, शिव्या, पदोपदी अडथळे, तरी बोलत राहिले. खाली बसल्यावर सहकाऱ्यांना म्हणाले, आता माझ्या श्रद्धांजलीच्या भाषणाची तयारी करा.

रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी होती. पाच जणांनी त्यांना आत कोंबलं आणि गाडीतच मारलं. प्रेत सापडलं 16 ऑगस्टला, रोमबाहेर रियानोजवळच्या रानात.

पण गाडी आदल्या दिवसापासून तिथे घुटमळत होती आणि शेजारपाजारच्यांनी तिचा नंबर टिपून ठेवला होता. त्या एका नंबरावरून पोलीस मारेकऱ्यांपर्यंत गेले आणि तिथून धागा थेट मुसोलिनीच्या आतल्या गोटात गेला. मला हा नंबर टिपणारा माणूस फार मोठा वाटतो. त्याने आपलं काम चोख केलं होतं. पुढचं काम ज्यांचं होतं, त्यांनी काय केलं ते आता बघू.

त्याआधी दोन वर्षं मागे जावं लागेल. ऑक्टोबर 1922. मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचे संसदेत किती खासदार? 535 पैकी 35. पण रस्त्यावर त्याच्या काळ्या शर्टवाल्यांच्या टोळ्या होत्या. कामगारांची कार्यालयं जाळायची, शेतमजुरांच्या पुढाऱ्यांना लाठ्यांनी फोडायचं, एरंडेल पाजायचं. हो, तेच आपलं एरंडेल. माणसाला धरून बाटलीभर एरंडेल घशात ओतायचं आणि भर गावात सोडून द्यायचं. तो वाचला तरी त्याच गावात पुन्हा मान वर करून भाषण कसं देणार? शरीरापेक्षा अब्रू मोडणारी ही शिक्षा होती आणि जमीनदारांना, कारखानदारांना ती हवी होती. पोलीस बघत उभे राहायचे.

28 ऑक्टोबरला या टोळ्या रोमकडे निघाल्या. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायदा पुकारायचा हुकूम तयार केला, शहरांमध्ये त्याची पत्रकंही लागली. राजा व्हित्तोरिओ इमानुएले तिसरा याने सही करायची तेवढी बाकी होती. त्याने सही केली नाही. मुसोलिनी त्या मोर्चात चालतही नव्हता. तो मिलानला होता. बोलावणं आल्यावर रात्रीच्या रेल्वेच्या शयनयान डब्यात झोपून रोमला आला आणि पंतप्रधान झाला. संसदेने 306 विरुद्ध 116 मतांनी विश्वास दिला. जुन्या उदारमतवादी पुढाऱ्यांचा हिशेब असा की याला सत्तेत घेऊ, म्हणजे आपोआप वठणीवर येईल.

1923 मध्ये आचेर्बो कायदा आला. ज्या यादीला सगळ्यात जास्त मतं, आणि ती निदान 25 टक्के, तिला संसदेच्या दोन तृतीयांश जागा. म्हणजे चारातल्या एका मतावर तीनातल्या दोन जागा तुमच्या. यालाही संसदेनेच मत दिलं. 1924 च्या एप्रिलमधली निवडणूक याच कायद्याखाली झाली, आणि तिच्याचबद्दल मातेओत्ती बोलले.

आता परत खुनाकडे. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीचं मर्म 1924 च्या जून ते डिसेंबर या महिन्यांत आहे. देश हादरला होता. मुसोलिनी आता जाणार असं उघड बोललं जात होतं. विरोधी खासदारांनी सभागृह सोडलं आणि आम्ही परत येणार नाही असं जाहीर केलं. प्राचीन रोमची सामान्य प्रजा रागावून टेकडीवर जाऊन बसली होती, त्या गोष्टीवरून याला 'आवेंतीनो' म्हणतात. त्यांना वाटलं राजा लाजेकाजेने तरी मुसोलिनीला काढेल. त्यांचे नेते जोव्हान्नी आमेंदोला यांनी पुरावे राजापर्यंत पोचवले. पंतप्रधानाला काढायचा अधिकार राजाला होता. तो गप्प बसला. पोप गप्प. उद्योगपतींना संपांपेक्षा मुसोलिनी परवडत होता. आणि सभागृहाबाहेर बसलेल्या विरोधकांनी, मला हे लिहितानाही वाईट वाटतं, आपल्या हातातलं एकुलतं एक व्यासपीठ स्वतःच सोडलेलं होतं.

सात महिने वाट बघून मुसोलिनीला उमगलं की कुणीच काही करणार नाही. 3 जानेवारी 1925 ला तो संसदेत म्हणाला की जे काही घडलं त्याची राजकीय, नैतिक, ऐतिहासिक जबाबदारी मी घेतो, मी एकटा. हिंमत असेल तर खटला भरा, असाच त्याचा अर्थ. कुणी भरला नाही. पुढच्या काही तासांत छापे आणि धरपकड सुरू झाली. आमेंदोला यांना त्याच वर्षी फॅसिस्टांनी बेदम मारलं, त्या मारातून ते उठले नाहीत, 1926 मध्ये गेले.

मग कायद्यांची रांगच लागली. पंतप्रधान संसदेला नव्हे, फक्त राजाला जबाबदार. निवडून आलेले महापौर जाऊन त्या जागी सरकारने नेमलेला 'पोदेस्ता'. संपाला बंदी. 'कोरिएरे देला सेरा' या वर्तमानपत्राच्या संपादकपदावरून आल्बेर्तिनी यांना घालवलं. पुढेपुढे वर्तमानपत्रांना रोज पातळ कागदावर टंकलेल्या सूचना जाऊ लागल्या: हे छापा, हे छापू नका, या बातमीला एवढंच मोठं शीर्षक. कागद पातळ, कारण एकावेळी कार्बनखाली बऱ्याच प्रती निघायच्या.

31 ऑक्टोबर 1926 ला बोलोन्यात मुसोलिनीवर गोळी झाडली गेली. 15 वर्षांच्या एका मुलाला जमावाने जागीच ठार केलं. गोळी त्यानेच झाडली का, यावर आजही वाद आहे. सरकारला तेवढं निमित्त पुरलं. बाकी सगळे पक्ष बंद, राजकीय गुन्ह्यांना देहदंड परत, खास न्यायालय, आणि खटल्याशिवाय माणसाला लिपारी, उस्तिका अशा बेटांवर डांबायची सोय. 8 नोव्हेंबरच्या रात्री कम्युनिस्ट पुढारी आंतोनिओ ग्राम्शींना अटक झाली. ते तेव्हा खासदार होते. त्यांची आणि आवेंतीनोवाल्यांची खासदारकी रद्द झाली दुसऱ्या दिवशी. आधी पकडलं, मग अधिकार काढला. ग्राम्शींना 20 वर्षांवर शिक्षा झाली आणि 1937 मध्ये ते गेले.

विरोध असा मोडल्यावर रोजचं जगणं हातात घ्यायचं राहिलं होतं. 1933 पासून सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचं तर पक्षाचं कार्ड हवं. लोक त्याला भाकरीचं कार्ड म्हणत. पक्षाचं नाव 'पार्तितो नात्सिओनाले फाशिस्ता', त्याच तीन आद्याक्षरांचा घराघरांत वेगळा अर्थ लावायचे: 'पेर नेचेसिता फामिल्यारे', म्हणजे घरच्या गरजेपोटी. मला हे वाचून हसू येत नाही. दोन लेकरांचा बाप, शाळामास्तर, खिशात कार्ड ठेवतो आणि जिभेला लगाम घालतो. अशा लाखो खिशांवर ती राजवट उभी होती.

1929 ची निवडणूक बघा. 400 नावांची एकच यादी, हो किंवा नाही. दोन वेगळ्या चिठ्ठ्या, 'हो'ची राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांची, 'नाही'ची पांढरी. बूथवर बसलेल्यांपासून काय लपणार? 'हो' 98 टक्क्यांवर गेलं.

1938 मध्ये तर बोलण्यातही हात घातला. इटालियनमध्ये आदराने 'लेई' म्हणतात, साधारण आपल्या 'आपण'सारखं. हुकूम निघाला, 'लेई' नको, 'व्होई' म्हणा. 'लेई' नावाचं बायकांचं एक मासिक होतं, त्याला नाव बदलून 'आन्नाबेल्ला' करावं लागलं. विचार करा, सासऱ्यांशी बोलताना जिभेवर 'आपण' येतंय आणि शेजारी ऐकेल म्हणून तुम्ही गिळताय. त्याच वर्षी ज्यू मुलांना आणि शिक्षकांना शाळांतून काढलं.

लांबून हे सगळं शिस्तीसारखं दिसायचं. हिंदू महासभेचे नेते, नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे 1931 च्या मार्चमध्ये रोमला गेले, मुसोलिनीला भेटले, मुलांची 'बालिल्ला' संघटना पाहिली आणि भारावून डायरीत लिहिलं. गणवेशातली रांगेतली मुलं पाहुण्याला दाखवतात. बेटं दाखवत नाहीत.

त्याच 1931 मध्ये विद्यापीठांच्या प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ घेतली. सुमारे 1,200 प्राध्यापक. नकार दिला जेमतेम डझनभरांनी. सह्या करणारे सगळे भित्रे नव्हते, निदान वर्गात तरी आपण असावं म्हणूनही कित्येकांनी केली. पण व्हितो व्होल्तेरांनी नाही केली. बीएस्सीला गणित असलेल्यांना लोट्का-व्होल्तेरा समीकरणं आठवतील, शिकारी मासे आणि भक्ष्य मासे यांची, तेच हे. वय 71. एका सहीने खुर्ची राहिली असती. ती सोडली.

आता महायुद्धात, 25 जुलै 1943 कडे या. दोस्त फौजा सिसिलीत उतरल्यात, रोमवर बॉम्ब पडलेत. आदल्या रात्री फॅसिस्ट महापरिषदेनेच, म्हणजे त्याच्याच पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, 19 विरुद्ध 7 मतांनी मुसोलिनीची साथ सोडली. दुपारी राजाने त्याला बोलावून सांगितलं, तुम्हाला काढलंय. बाहेर पडताच पोलिसांनी त्याला रुग्णवाहिकेत बसवून नेलं.

हा तोच राजा आणि अधिकारही तोच, 1924 च्या जूनमध्ये होता तो. मधे 19 वर्षं गेली. त्यानंतर जर्मन फौजांनी इटली ताब्यात घेतली, त्यांना एकेका डोंगरावरून हटवत दोस्त सैन्य उत्तरेकडे सरकत राहिलं, आणि पुढच्या जुलैत त्या सैन्यात टायबरच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे होते.