वर्कर मध्येच मेला तर?

स्क्रीनवर तीन टर्मिनल दिसतायत ना, प्रत्येकात एकेक वर्कर, म्हणजे मागच्या बाजूला कामं उरकणारा प्रोग्रॅम, चालू आहे आणि तिघंही रेडिस नावाच्या डेटा स्टोअरमधल्या एकाच क्यूमधून, म्हणजे कामांच्या रांगेतून, काम उचलतात. ऑर्डर आली की पैसे कापायचे, बिल बनवायचं, मेल पाठवायचा, बस एवढंच. ही कामं, सेलरीच्या भाषेत टास्क, क्यूत टाकून वर्करकडून करवून घ्यायला पायथनमधलं सेलरी वापरलंय.

टेस्ट चालवल्या, सगळ्या पास. पण सेटिंग्ज उघडून बघा, टास्क ऑलवेज ईगर ट्रू करून ठेवलंय, म्हणजे क्यू नाही वर्कर नाही, सगळं एकाच प्रोसेसमध्ये साध्या फंक्शनसारखं पळालं, मग टेस्ट नक्की कशाची झाली? सेलरीचं डॉक्युमेंटेशन स्वतःच सांगतं की ईगर मोड युनिट टेस्टला योग्य नाही, तरी कितीतरी प्रोजेक्टमध्ये तो सापडतोच आणि याचं खरंच वाईट वाटतं, कारण पलीकडे कुणाच्या तरी खात्यातले पैसे असतात.

तर ईगर काढून टाकला. पैसे कापून झाले की बिल बनायच्या आधी टास्क मुद्दाम अडवून धरलाय, आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये, हे बघा, किल मायनस नाईन, म्हणजे प्रोग्रॅम तिथल्या तिथे जबरदस्तीने बंद. अख्खा वर्कर गेला. बाकीचे दोघं शांत. क्यू रिकामी, कुठे एररसुद्धा नाही, कारण सेलरी बाय डिफॉल्ट काम सुरू करायच्या आधीच क्यूला पोच देऊन टाकतं, त्या कामाचा मेसेज तेव्हाच क्यूतून पुसला गेला. पैसे कापले, बिल नाही.

मग अ‍ॅक्स लेट चालू केलं, म्हणजे पोच काम संपल्यावर. परत मारला. आता मेसेज राहतो, पण रेडिस असेल तर तो दुसऱ्या वर्करकडे व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे पोचेची वाट बघायची मुदत, संपल्यावरच जातो, डिफॉल्ट १ तास, टेस्टसाठी आम्ही तो काही सेकंदांवर आणला. आणि डेटाबेसमधलं हे टेबल बघा. एकाच ऑर्डरसमोर पैसे कापल्याच्या दोन ओळी!

म्हणून ऑर्डर नंबरवरून बनवलेली आयडेम्पोटन्सी की, म्हणजे त्या पेमेंटची न बदलणारी ओळखखूण, वापरली; टास्क कितीही वेळा पळाला तरी पेमेंट गेटवेला तीच की जाते आणि गेटवे दुसऱ्यांदा पैसे कापत नाही. आमच्या टेबलवरही युनिक कन्स्ट्रेंट टाकला, म्हणजे एकाच ऑर्डरची दुसरी ओळ डेटाबेसच घेत नाही.

आणि हो, अख्खा वर्कर न मारता नुसती त्याच्या आत प्रत्यक्ष काम करणारी चाइल्ड प्रोसेस मारली तर अ‍ॅक्स लेट असूनही पोच जातेच, त्यासाठी रिजेक्ट ऑन वर्कर लॉस्ट हे सेटिंग वेगळं लावावं लागतं. मारून बघेपर्यंत हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आता स्क्रिप्ट प्रत्येक पायरीच्या आधी आणि नंतर वर्कर मारत जाते. पैसे एकदाच, बिल एकच. मेल गेला आणि पोच द्यायच्या आत वर्कर मेला तर मेल दुसऱ्यांदा जातो, ते मात्र आम्ही तसंच ठेवलंय.