कोणावर गेली?

(दृश्य : साताऱ्यातलं घर, मागचं अंगण. पाटावर आजी, पुढ्यात पाठमोरी नात.)

ही माझी लेक. वय ९. जन्म न्यू जर्सीतला. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, मी साताऱ्याची. ती पाच दिवसांची होती तेव्हा पहिल्यांदा कानावर आलं, "कोणावर गेलीय गं?" मी म्हटलं, "दोघांवर."

त्या प्रश्नानं पुढे पाठ सोडली नाही. एडिसनमधल्या भारतीय किराणा दुकानात एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही सांभाळता का हिला?" बाबाबरोबर असली की त्याला असं कुणी विचारत नाही. शाळेत ती ब्लॅक. आणि साताऱ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "रंगानं बापावर गेली, पण नाकीडोळी नीटस आहे हो!"

काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. लेकीसाठी डबाभर लाडू घेऊन आल्या होत्या. पण तिला मराठी कळतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. रात्री मच्छरदाणीत तिनं विचारलं, "आई, त्या 'पण' का म्हणाल्या?"

मला उत्तर देता आलं नाही.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

जुलै १९५८. व्हर्जिनियात मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याला पोलिसांनी रात्री झोपेतून उठवून अटक केली. तो गोरा, ती गोरी नव्हे, आणि दोघांनी लग्न केलं, एवढाच गुन्हा. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशी लग्नं गुन्हा ठरवणारे कायदे मोडीत काढले, तेव्हाही ते १६ राज्यांत लागू होते. माझ्या सासूबाई त्या वर्षी शाळेत जात होत्या. इतकं हे जवळचं आहे.

आणि आपण भारतीय? १९२३ मध्ये त्याच न्यायालयानं पंजाबातून अमेरिकेत आलेल्या भगतसिंग थिंड यांना सांगितलं, तुम्ही गोरे नाही, म्हणून तुम्हाला नागरिकत्व नाही. १९७० च्या जनगणनेनं भारतीयांना गोऱ्यांत मोजलं. १९८० मध्ये 'एशियन इंडियन' हा रकाना आला. माणसं तीच होती.

एकाहून जास्त वंशांवर खूण करायची मुभा मिळाली ती २००० साली. २०२० मध्ये अशी खूण असलेले लोक भरले ३ कोटी ३८ लाख. यातली बरीच वाढ मोजण्याची पद्धत सुधारल्यामुळे दिसते. ही मुलं आधीही होतीच. लेकीच्या फॉर्मवर आम्ही दोन खुणा करतो. रस्त्यावर मात्र तिचा फॉर्म कुणी वाचत नाही.

अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या आई, श्यामला गोपालन, मूळच्या तमिळ; वडील जमैकाचे कृष्णवर्णीय. अमेरिका आपल्या मुलींकडे कृष्णवर्णीय म्हणूनच बघणार, हे त्यांनी ओळखलं आणि मुलींना त्याच जाणिवेनं वाढवलं. तरीही ३१ जुलै २०२४ रोजी शिकागोत, कृष्णवर्णीय पत्रकारांच्या मेळाव्यात, डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की हॅरिस आधी भारतीय होत्या, अलीकडेच कृष्णवर्णीय झाल्या. साठीला टेकलेल्या बाईलासुद्धा या प्रश्नातून सुटका नाही.

श्यामलाबाईंचं मला पटतं. म्हणून मीही शिकले. सुरुवात केसांपासून. मी कोरड्या केसांवर बारीक दातांचा कंगवा फिरवायची आणि लेक रडायची. सासूबाईंनी दाखवलं : केस ओले करायचे, कंडिशनर लावायचा, टोकापासून वर वर जात बोटांनी गुंता सोडवायचा, रात्री सॅटिनची टोपी घालायची. वेण्या घालता घालता त्या नातीला आणखीही सांगतात. दुकानात हात खिशात घालायचे नाहीत. पोलिसानं थांबवलं तर हात दिसतील असे ठेवायचे. ९ वर्षांच्या पोरीला हे ऐकावं लागतं याचा मला संताप येतो. तरी मी त्यांना थांबवत नाही. हे ज्ञान माझ्याकडे नाही, आणि तिला ते लागणार आहे.

(दृश्य : पुन्हा अंगण. आजीची बोटं ओल्या केसांत.)

या मे महिन्यात माझ्या आईनं फणी बाजूला ठेवली आणि नातीकडूनच सगळं शिकून घेतलं. दुपार गेली त्यात. तेवढ्यात काकू आल्या, दारातूनच म्हणाल्या, "केस कुणाचे गं हे?"

आईनं मान वर केली नाही.

"बापाचे. रंगही त्याचाच. बसा, एवढी वेणी झाली की चहा टाकते."