सगळ्यांत हळू माणसाचे मीटर

(नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका व्यायामशाळेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी. विषय ठरला तेव्हा आयोजक म्हणाले, "मॅडम, जरा मोटिव्हेशनल बोला." तसं बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगून टाकते. जमलं असतं तरी त्याचा फार उपयोग झाला नसता. जोशातलं भाषण ऐकून माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठतो. तिसऱ्या दिवशी उठतो. चौथ्या दिवशी पाऊस असतो, नाहीतर घरी पाहुणे असतात. आपण सगळे आरंभशूर आहोत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून पाचव्या दिवशी माणूस आपोआप येईल अशी रोइंग मशीनवरच्या टीमची मांडणी कशी करायची, एवढंच आज बोलू.

इथे निम्मे लोक नवीन दिसतात, तेव्हा या मशीनबद्दल, म्हणजे हॉलमध्ये बसून वल्हवायच्या मशीनबद्दल, दोन शब्द. सरकती सीट, पाय अडकवायला पट्टे, हातात दांडा, दांड्याला साखळी आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला पंख्याचं चाक. जेवढ्या जोरात ओढाल तेवढी हवा जास्त अडवते. ओढायचं ते पायांनी. आधी पाय रेटायचे, मग पाठ थोडी मागे, हात सगळ्यात शेवटी. परत येताना याच्या उलट, आणि येताना घाई करायची नाही. चाकाच्या बाजूला एक ते दहा आकड्यांचा एक खटका असतो, त्याला डँपर म्हणतात. कॉलेजची मुलं आली की पहिल्यांदा तो दहावर नेतात, जशी काही दहाला बक्षीस आहे. डँपर म्हणजे सायकलचा गिअर. दहावर ठेवला म्हणून व्यायाम जास्त होत नाही, कंबर मात्र लवकर धरते. पाण्यात उतरणारे नौकापटूसुद्धा बहुधा तीन ते पाचच्या दरम्यान ठेवतात.

हे मशीन जन्माला आलं तेच कंटाळ्याशी झगडायला. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात ड्रायसिगॅकर नावाचे दोन भाऊ वल्ही बनवत. हिवाळ्यात पाणी गोठलं की सराव बंद पडायचा, म्हणून त्यांनी सायकलच्या चाकाला पाती लावून 1981 मध्ये पहिलं 'कॉन्सेप्ट टू' मशीन बाजारात आणलं. बॉस्टनच्या नौकापटूंना चार्ल्स नदी गोठल्यावर महिनोन्‌महिने बंद खोलीत एकट्याने ओढायचा वैताग आला, तेव्हा त्यांनी याच मशीनवर एकमेकांशी शर्यत लावली. तिचं नाव 'क्रॅश-बी'. सुरुवातीला अंतर पाच मैलांचं होतं. 1996 पासून ते 2000 मीटर झालं, आणि आज जगभर तेच प्रमाण मानतात. आपली गोदावरी काही गोठत नाही. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नदीत बोट घालायचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा हॉलमधलं रोइंग ही नाशिकसाठीही चैन म्हणता येणार नाही.

आता माणसं सोडून का जातात ते बघू. घरची कारणं बाजूला ठेवा. एक कारण मशीनच्या गणितात आहे आणि ते कुणी नीट सांगत नाही. स्क्रीनवर 500 मीटरला लागणारा वेळ दिसतो, त्याला स्प्लिट म्हणतात. समजा एका काकूंचा स्प्लिट अडीच मिनिटं आहे आणि शेजारच्या मुलाचा दोन मिनिटं. हवेचा विरोध असा असतो की लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अडीच मिनिटांच्या स्प्लिटला साधारण 104 वॉट लागतात, दोन मिनिटांच्या स्प्लिटला 203. म्हणजे जवळजवळ दुप्पट. तो मुलगा दोनवरून एक-पन्नासवर जायचं म्हणेल तर त्याला आणखी साठ वॉट काढावे लागतील, आणि हातात येणार फक्त दहा सेकंद. पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्प्लिट भराभर उतरतो, कारण तंत्र सुधारत असतं. मग तो थांबतो. माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं. चढ उभा झालेला असतो.

याच गणिताची दुसरी बाजू मला फार आवडते. अर्ध्या तासात काकू किती जातील? सहा हजार मीटर. आणि तो मुलगा? साडेसात हजार. ताकद दुप्पट लावून फरक फक्त दीड हजाराचा. मग टीमच्या फळ्यावर काय लिहायचं, स्प्लिट की मीटर? स्प्लिटची यादी लावली की काकू कायम तळाला, आणि तळाचा माणूस फार दिवस राहत नाही. मीटरची बेरीज लावली की काकूंचे सहा हजार गाळून टीमचा आकडा जुळत नाही. शिवाय मुलाने एका दिवशी दांडी मारली की काकू पुढे. आमच्या हॉलमध्ये स्प्लिटची यादी नाहीच. ज्याला त्याचा आकडा त्याच्या वहीत.

लोक सर्रास म्हणतात, "टीम केली की उत्साह येतो." नेहमी येत नाही. मॅक्स रिंगलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि 1913 मध्ये आकडे छापले. आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाचा सरासरी जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर आला होता. तुम्ही म्हणाल, ताळमेळ चुकला असेल. थोडा चुकलाच. पण 1974 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोराच्या पुढच्या टोकाला उभं केलं. त्याला वाटत होतं, मागे बाकीचे ओढतायत. मागचे नुसते ओढल्यासारखं करत होते. तरी हा पठ्ठ्या कमीच ओढत होता. आता ताळमेळाचा प्रश्नच नव्हता. याला आपल्याकडे पाट्या टाकणं म्हणतात, आणि ते सरकारी कचेरीतच होतं असं नाही. दहा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सगळे 'गुड मॉर्निंग' टाकतात आणि मशीनवर दोघंच असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

याच्या बरोबर उलटा प्रकार बर्लिनमध्ये सापडला, आणि तोही एका रोइंग क्लबच्या खेळाडूंमध्ये. 1920 च्या दशकात ऑटो क्योलर या मानसशास्त्रज्ञाने त्यांना वजनाचा दांडा हातांनी पुन्हा पुन्हा वर उचलायला लावला. आधी एकेकट्याला, मग दोघांत एक जड दांडा. एक जण थांबला की दुसऱ्याला तो उचलणं शक्य नव्हतं. अशा वेळी जोडीतला कमजोर माणूस एकट्याने टिकला असता त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. दोन्ही प्रयोगांत माणसं एकत्रच काम करत होती. फरक एवढाच की दोरावर मी ढिला पडलो तर कुणाला कळत नाही, आणि दांड्यावर मी सोडलं तर सगळंच थांबतं.

क्योलरने आणखी एक पाहिलं, आणि टीम बांधताना मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. दोघांच्या ताकदीत थोडं अंतर असेल तेव्हा हा परिणाम चांगला दिसतो. दोघं अगदी सारखे असले किंवा जमीन-अस्मानाचा फरक असला, तर तो कमी होतो. म्हणून नवीन आलेल्या गृहस्थांना सगळ्यात दणकट पोराशेजारी बसवू नका. 'त्याचं बघून शिकतील' ही भाबडी आशा आहे. ते त्याचं बघून घरी जातील. त्यांच्यापेक्षा जेमतेम पुढे असलेला माणूस शेजारी द्या.

नाशिकमध्ये रोइंगवर बोलायचं आणि दत्तू भोकनळचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही त्याचं गाव. तो विहिरीच्या कामावर जायचा, मग सैन्यात गेला आणि तिथे त्याने पहिल्यांदा वल्हं हातात धरलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच नौकापटू होता आणि तेरावा आला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला 2018 च्या आशियाई स्पर्धेतले दोन दिवस जास्त सांगावेसे वाटतात. 23 ऑगस्टला एकेरीच्या अंतिम शर्यतीत त्याची तब्येत बिघडली आणि तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. 24 ऑगस्टला स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या बोटीत त्याने सुवर्णपदक जिंकलं. आदल्या दिवशी त्याच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगणार नाही, मला कसं कळणार? मला दिसते ती बोट. त्या प्रकारात चौघांच्या हातात प्रत्येकी दोन वल्ही असतात. तिघांनी ती शर्यत लागत नाही. "आज बरं नाही, तुम्ही जा पुढे" म्हणायची सोय त्या बोटीत नाही.

हॉलमध्ये मशीन सुटी सुटी असतात, ही आपली अडचण. मग ती सोय काढून टाकायची कशी? आमचा उपाय म्हणजे शनिवारची रिले. एक मशीन, चार माणसं, प्रत्येकाने एक मिनिट ओढायचं आणि उठायचं. पायांचे पट्टे आवळायला वेळ नसतो, म्हणून दोघं दोन्ही बाजूंना गुडघ्यावर बसून ओढणाऱ्याचे बूट पाटीवर दाबून धरतात. "पाच, चार, तीन" अशी मोजणी सुरू झाली की पुढचा माणूस एक पाय टाकून तयार. आधीचा शेवटचा ओढा काढून डावीकडे उतरतो, दांडा त्याच्या हातातून थेट पुढच्याच्या हातात जातो, सीट अजून हलत असते. या सगळ्यात चाक फिरतंच असतं. त्याचा घूं-घूं आवाज खाली यायला लागला की मागून ओरडा सुरू होतो. सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट येणारा एक मुलगा आहे, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. बूट धरताना तो जे काही ओरडतो ते इथे सांगण्यासारखं नाही. चौथा माणूस आला नाही तर विश्रांती तीन मिनिटांवरून दोन मिनिटांवर येते. मग त्याची आठवण सगळ्यांना पायांतून येते, आणि हे त्यालाही माहीत असतं.

एका तालात ओढण्याचंही काहीतरी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बारा नौकापटूंना संशोधकांनी मशीनवर पंचेचाळीस मिनिटं कधी एकेकटं, कधी सहा-सहांच्या गटात एकत्र ओढायला लावलं. मग दंडाला बीपीचा पट्टा आवळून वेदना कुठपर्यंत सोसते ते मोजलं. ताकद दोन्ही वेळी सारखीच लावली होती, तरी एकत्र ओढल्यानंतर सहनशक्ती बरीच जास्त निघाली. आपल्या ढोल पथकातल्या पोरांना याचं नवल वाटणार नाही. घरी एकट्याने ढोल बांधला तर वीस मिनिटांत खांदा भरून येतो, आणि मिरवणुकीत तोच माणूस तास-तास वाजवतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी मशीन शेजारी शेजारी लावून मिनिटाला वीस ओढे, असा एकच ताल धरा. वेग ज्याचा त्याचा, ताल सगळ्यांचा एक. गाणी लावायची तर लावा. आमच्याकडे कुठली लावायची यावर भांडणं झाली, म्हणून आम्ही बंद केली.

लांबचं ध्येयही लागतं. परदेशात नोव्हेंबरच्या अखेरीपासून 24 डिसेंबरपर्यंत 100 किंवा 200 किलोमीटर पुरे करण्याचं आव्हान असतं, घरबसल्या मीटर नोंदवायचे. छान आहे. पण आम्हाला आपली नदी जास्त जवळची. गोदावरी त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत साधारण 1465 किलोमीटर. सहा जणांनी आठवड्यातून चार दिवस सहा-सहा किलोमीटर ओढले तर आठवड्याला 144 होतात, म्हणजे दहा-अकरा आठवड्यांत बंगालचा उपसागर. भिंतीवर नकाशा लावलाय. पहिल्याच आठवड्यात नाशिक आणि नांदूरमध्यमेश्वर मागे पडतं, त्यामुळे बरं वाटतं. जायकवाडीला पोचल्यावर एकाने विचारलं, धरणातून पुढे कसं जायचं? दुसरा म्हणाला, इथलं पाणी आपणच सोडलंय, जाऊ देतील. नांदेड ते राजमहेंद्री हा टप्पा मात्र कंटाळवाणा असतो, आणि नेमके त्याच वेळी लग्नाचे मुहूर्त येतात. त्या आठवड्यांत आम्ही आकडा कमी धरतो. कमी धरलेला आकडा पुरा होतो; तोच ठेवला तर दोन आठवड्यांत कुणी फळ्याकडे बघत नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "जे यायचे बंद झालेत त्यांना परत कसं आणायचं?" ग्रुपवर विचारू नका. "काय साहेब, दर्शन दुर्लभ" असं चारचौघांत टाकलं की माणूस ओशाळतो आणि दोन दिवसांनी ग्रुप सोडतो. त्याच्या शेजारच्या मशीनवर जो ओढायचा त्याने फोन करायचा. कारण विचारायचं नाही. "शनिवारी रिलेला चौथा माणूस कमी आहे" एवढंच सांगायचं, आणि तो खरोखर कमी असला पाहिजे. नसलेली गरज लोकांना लगेच कळते. तो आला की जुना स्प्लिट काढून दाखवायचा नाही, वहीचं नवीन पान उघडायचं. मोठं आजारपण झालं असेल, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांची परवानगी आधी. पहिले दोन आठवडे रिलेतलं त्याचं मिनिट अर्ध्यावर आणायचं आणि उरलेलं अर्धं जोडीदाराने ओढायचं. आणि डँपर चारवर. त्याला कितीही जोर आला तरी चारवर.