गुण देण्याआधी एक ओळ लिहा

नमस्कार मंडळी,

गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी ज्यांनी परीक्षक म्हणून नावं दिली आहेत, त्यांच्यासाठी हे बोलणं मुख्यतः आहे. पण पालकांनीही ऐकावं. निकाल लागला की "आमच्या मुलीचे गुण नेमके कुठे गेले?" हा प्रश्न तुमचाच असतो, आणि तो रास्त असतो. परीक्षकाला त्याचं उत्तर कागदावर दाखवता आलं पाहिजे.

त्यासाठी एक सवय लावून घ्यायची. भाषण संपलं, टाळ्या सुरू झाल्या, की आकडा टाकायच्या आधी या मुलानं आपल्याला काय सांगितलं ते एका वाक्यात लिहायचं. त्यात विषय नको, म्हणणं हवं. "शिवाजी महाराजांवर बोलला" हा विषय झाला. "१६६६ साली आग्र्याहून झालेली सुटका धाडसाइतकीच धीरामुळे जमली" हे म्हणणं झालं. असं वाक्य लिहिता येत नसेल तर आशयाच्या चाळीसपैकी वीसच्या वर जायचं नाही, आवाज कितीही खणखणीत असो. शिवनेरीवरचा जन्म, तोरणा, अफजलखान, शाहिस्तेखान, १६७४ चा राज्याभिषेक, सगळं पाच मिनिटांत कोंबलेलं भाषण ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो. तो महाराजांच्या नावानं येतो, भाषणामुळे नव्हे. परीक्षक सर्वांत जास्त फसतात ते इथंच.

बाकीचे गुण असे: मांडणी २०, भाषा २०, सादरीकरण २०. बऱ्याच ठिकाणी 'हावभाव' असा स्वतंत्र रकाना असतो, तो आपण ठेवलेला नाही. तो असला की मुलं मूठ आवळून, आभाळाकडे बघून बोलायला लागतात. एकपात्रीत ते शोभतं. भाषणात हात शब्दाबरोबर हलला तर पुरे.

मांडणी तपासायची एक सोपी युक्ती आहे. मनातल्या मनात दुसरा आणि तिसरा मुद्दा अदलून बघा. काहीच बिघडत नसेल तर ती यादी आहे, मांडणी नाही. जोडशब्दांकडे कान ठेवला तरी हे कळतं. सगळे मुद्दे 'आणि', 'तसेच', 'त्याचप्रमाणे' यांनीच जोडलेले असले तर विचार जागच्या जागी उभा असतो. 'म्हणून', 'पण', 'तरीही' आले की तो चालायला लागतो. आणि ते "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग, निःपक्षपाती परीक्षक आणि इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो"! तीन मिनिटांच्या भाषणात यात वीस सेकंद गेले, तर भाषणाचा नववा भाग नमस्कारातच संपला. त्याचे गुण कापू नका, पण घड्याळ तेव्हापासूनच चालू असतं हे मुलांना आधी सांगा.

आता भाषेकडे येऊ. इथं, महाराष्ट्रापासून दूर वाढलेल्या मुलांचे गुण देताना दोन टोकं दिसतात. एक परीक्षक "अहो, इथं राहून एवढं बोलतोय" म्हणून वीसपैकी अठरा देतो. दुसऱ्याला 'ळ' नीट ऐकू आला नाही की त्याचा चेहरा उतरतो. दोन्ही टाळायचं तर चुकांच्या तीन जाती वेगळ्या कराव्यात. पहिली, अर्थ बदलणारी: 'वेळ'चा 'वेल', 'गाळ'चा 'गाल', 'भात'चा 'बात'. (दहीहंडीवरच्या भाषणात 'काला'चा 'काळा' झाला तर गंमतच.) इथं गुण जातात. दुसरी व्याकरणाची: "मी पुस्तक वाचला", "माझा आई". इथंही जातात, पण दोन्ही जातींत एका प्रकारच्या चुकीचे एकदाच. 'ळ' दहा वेळा चुकला तर ती दहा चुका नाहीत, एक आहे. तिसरी जात नुसत्या हेलाची: 'तुम्ही' जरासं 'टुम्ही' ऐकू येतं, पण अर्थ अडत नाही. तिथं काही कापायचं नाही.

इंग्रजी शब्दांचंही तसंच. 'स्कूल बस', 'लॅपटॉप' यांनी मराठीला धक्का लागत नाही. "मी खूप एक्सायटेड फील केलं" यात मात्र वाक्याचा सांगाडाच परका झाला. "ते सेन्स बनवत नाही" हेही त्यातलंच, आणि ते मुलं कुणाकडून शिकतात हे सांगायची गरज नाही.

पाठांतराबद्दल आपल्याकडे उगाच नाक मुरडतात. लहान गटात पाठ करूनच भाषा जिभेवर बसते. दोष असतो तो न समजता केलेल्या पाठांतरात, आणि तो श्वासावरून ओळखता येतो. "जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची", इथं थांबून श्वास, मग "शाळा सुरू केली". अर्थ कळला असता तर 'मुलींची शाळा' तुटली नसती. दुसरी खूण म्हणजे दहा वर्षांच्या तोंडी 'सर्वंकष' आणि 'प्रगल्भ'. म्हणून बारा वर्षांपुढच्या गटात भाषणानंतर एक प्रश्न आणि उत्तराला तीस सेकंद असं ठेवलं आहे. आशयाच्या चाळीसपैकी दहा गुण या उत्तराचे. प्रश्न भाषणातूनच निघावा आणि त्याला मत लागावं: "मुलींनी शिकण्याला विरोध करणाऱ्यांना कसली भीती वाटत असेल?" तारखा आणि पेठांची नावं विचारलीत तर ती प्रश्नमंजूषा होईल.

मूल मध्येच अडलं तर पाच सेकंदांची शांतता हा दोष धरू नका. खालून बघताना ती फार लांब वाटते, एवढंच. त्यानंतर सूचकानं पुढच्या वाक्याचा पहिला शब्द द्यावा. एकदा सूचना घेतली तर गुण जात नाहीत. दुसऱ्यांदा घेतली तर सादरीकरणातले दोन जातात. अडखळून जे मूल स्वतःच्या शब्दांत पुढे जातं, त्याला वरचे गुण द्यायला कचरू नका.

पालकांसाठी एक हिशेब. ऐकणाऱ्याला झेपेल असा वेग मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द. म्हणजे तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द. सहाशे शब्दांचं भाषण हातात दिलंत तर मूल धावतच सुटणार, आणि त्याचा दोष मुलाच्या गुणपत्रिकेवर पडणार. कात्री घरीच चालवा.

टोस्टमास्टर्स या वक्तृत्वाचा सराव करून घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भाषणस्पर्धेत पाच ते सात मिनिटांची मर्यादा असते, दोन्हीकडे तीस सेकंदांची सूट, त्यापलीकडे गेलं की थेट बाद. मुलांसाठी हे फार कडक होईल. आपल्याकडे तीस सेकंदांच्या सवलतीनंतर दर पंधरा सेकंदांना एक गुण जाईल. घड्याळ वेगळ्या माणसाकडे असेल. परीक्षकाचं लक्ष काट्यावर गेलं की कान बंद होतात. माईक बिघडला तर घड्याळ थांबवायचं, आणि चार फुटी मुलासमोर मोठ्यांच्या उंचीचं पोडियम ठेवायचं नाही.

निकाल गुणांच्या बेरजेवर लावणार नाही, क्रमांकांच्या बेरजेवर लावणार आहोत. कारण ऐका. दोन परीक्षकांनी पहिल्या मुलीला ८० आणि ७८ दिले, दुसऱ्या मुलाला ७६ आणि ७४. तिसरा परीक्षक गुणांत मोठी तफावत ठेवणारा. त्यानं मुलीला ६० दिले, मुलाला ९०. बेरीज मुलीची २१८, मुलाची २४०. तिघांपैकी दोघांनी मुलीला पहिलं ठरवलं, तरी ती हरली! क्रमांक मांडले तर मुलीचे १, १, २ म्हणजे चार, मुलाचे २, २, १ म्हणजे पाच. कमी बेरीज पुढे, मुलगी पहिली. यासाठी प्रत्येक परीक्षकानं आपले क्रमांक ठरवून पत्रिका थेट जमा करायची. मध्ये आपसात चर्चा नको, नाहीतर सर्वांत ठाम आवाजाचा परीक्षकच निकाल लावतो.

पहिल्या स्पर्धकावर बऱ्याचदा अन्याय होतो, कारण पुढे काय येणार या धास्तीनं हात आखडतो. पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलीनं लिहा, तिसऱ्यानंतर तिघांकडे पुन्हा बघा, मग पेन घ्या. दहा-बारा भाषणांनंतर दहा मिनिटांची सुटी घ्याच. आपलं मूल ज्या गटात आहे त्या गटाचं परीक्षण करू नका. वर्गात शिकवत असलेल्या मुलांचंही तेच.

शेवटी प्रत्येक मुलाला चिठ्ठी द्यायची आहे. 'छान प्रयत्न' लिहू नका. वर आपलं ते एक वाक्य, "तुझ्या भाषणातून मला हे कळलं", खाली जमलेली एक गोष्ट आणि बदलायची एक, दोन्ही जागा दाखवून: "आग्र्याच्या पेटाऱ्यांपाशी थांबलास, ते नेमकं होतं. शेवटची दोन वाक्यं फार भरभर झाली." आपलं वाक्य आणि मुलाला जे म्हणायचं होतं ते जुळतं का, हे घरी गेल्यावर त्याला स्वतःलाच तपासता येईल.

कोऱ्या गुणपत्रिका चहाच्या टेबलावर आहेत. पेन्सिलीही तिथंच ठेवल्या आहेत.