उंबऱ्यावर आलेला धर्म

नमस्कार श्रोतेहो.

दुपारी दोन-तीनच्या सुमाराला सोलापूरच्या पूर्वभागातल्या एखाद्या गल्लीतून चालत गेलात, तर बहुतेक घरांची दारं उघडी दिसतात. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात दार लावून बसवत नाही, आणि विड्या वळायला उजेडही लागतो. आत एखादी अक्का मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. घरधनी यंत्रमागावर पाळीला गेलेला, पोरं शाळेत. दारोदार फिरणारे लोक याच वेळी येतात. कुणी साड्या घेऊन येतं, कुणी बचत गटाचा हप्ता मागायला, आणि कुणी देवाबद्दल सांगायला.

या शेवटच्या लोकांबद्दल आज मला बोलायचं आहे. त्यात सगळे आले. जोडीजोडीनं पुस्तिका वाटत फिरणारे आले, आजाऱ्यासाठी प्रार्थना करू का म्हणून विचारणाऱ्या बहिणी आल्या, मुसलमान मोहल्ल्यात ‘नमाजाला चला’ म्हणत घरोघर जाणारी जमात आली, आपल्या महाराजांच्या सत्संगाचं निमंत्रण देणारे आले, आणि धर्म सोडून गेलेल्यांना परत आणायला निघालेलेही आले. यांच्यातला कोणता धर्म बरोबर, हा माझ्या अधिकारातला प्रश्न नाही. माझी सगळी नोकरी परिचारिका म्हणून झाली, आणि त्यातली बरीच वर्षं वस्त्यांमधून घरभेटी देण्यात गेली. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून त्याला काही पटवून देणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलेलं आहे. त्यावरून माझं एक मत झालं आहे. आपला धर्म दुसऱ्याला सांगायला जाण्यात काही वाईट नाही. पण ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि तसं म्हटल्यावर त्याचं काहीही बिघडता कामा नये. जिथं हे नाही, तिथं कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी ती बळजबरीच झाली.

आपल्या गावाचं दैवतच या विषयात फार मोठं उदाहरण आहे. बाराव्या शतकात, सोलापूरला सोन्नलिगे म्हणत तेव्हा, सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धरामेश्वर, इथं तळं खोदून घेत होते. लोकांसाठी पाणी आणि देवासाठी लिंगस्थापना, हे त्यांचं काम जोरात चाललं होतं. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्त संतांच्या परंपरेत अशी कथा आहे की, तिथं त्यांच्यातलेच एक थोर संत अल्लमप्रभू चालत आले. हातात काही नाही, बरोबर कुणी नाही. आल्या आल्या त्यांनी विचारलं, ‘तो वड्डर राम कुठं आहे?’ आपल्या गुरूला कुणी माती उपसणारा म्हणावं हे कामकऱ्यांना सहन झालं नाही. त्यांनी दगड उचलले. सिद्धराम स्वतःही संतापले. आणि मग त्या तळ्याच्या काठावर दोघांचा वाद झाला. बाहेर तळी बांधतोस, मंदिरं बांधतोस, पण आतलं काय? असा अल्लमप्रभूंचा रोख होता. सिद्धराम सहज मान तुकवणारे नव्हते. त्यांनी उलट प्रश्न केले, आपल्या कामाची बाजू मांडली. शेवटी पटलं तेव्हा ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेले आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून त्यांनी इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लिंगाची दीक्षा घेतली.

आपण दर संक्रांतीला ज्यांचे नंदीध्वज खांद्यावर घेतो, त्या सिद्धरामेश्वरांचं मन बाहेरून आलेल्या एका फिरत्या माणसानं वाद घालून बदललं, असं आपलीच परंपरा अभिमानानं सांगते. म्हणून ‘बाहेरच्यानं येऊन आमच्या माणसाला धर्म शिकवायचाच नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते सोलापूरकराच्या तोंडी शोभत नाही. पण त्या भेटीत कोण कुठं उभं होतं, तेही पाहा. सिद्धराम आपल्या जागेवर, आपल्या माणसांत, धडधाकट होते. अल्लमप्रभूंकडे त्यांना देण्यासारखं धान्य नव्हतं, औषध नव्हतं, शाळेतला प्रवेश नव्हता. सिद्धराम ‘चालते व्हा’ म्हणाले असते, तर तळं तसंच पूर्ण झालं असतं.

आता परत त्या विड्या वळणाऱ्या अक्काकडे येऊ. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, आणि ठरल्या वेळी कारखान्यात नेऊन मोजून द्यायच्या. पाहुणा अर्धा तास बसला की तेवढ्या विड्या कमी. तिला उठून दार लावता येत नाही, कारण मांडीवर सूप आहे. आणि आपल्याकडची रीत अशी की, दारात आलेल्याला ‘बसा की’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. तिनं ‘बसा की’ म्हटलं, पाण्याचा तांब्या दिला, म्हणजे तिला धर्माची माहिती हवी आहे असा अर्थ काढणं हा तिच्या अगत्याचा गैरफायदा आहे. घरभेटीला गेल्यावर आम्हालाही हेच सांभाळावं लागायचं. आधी विचारायचं, ‘आत्ता वेळ आहे का, नंतर येऊ?’ एवढं विचारलं तरी बायकांचा चेहरा सैल व्हायचा.

आणि घरात आजारी माणूस असेल तर? इथं मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण माझं आयुष्य या कामात गेलं. क्षयाचा रोगी घ्या. साध्या क्षयाची औषधं सहा महिने घ्यावी लागतात. दुसऱ्या महिन्यात खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढतं, आणि रोग गेला असं वाटायला लागतं. नेमक्या या टप्प्यावर कुणी येऊन सांगितलं, ‘बरं वाटतंय ना? ही कृपा आहे, आता गोळ्यांची गरज नाही,’ तर तो माणूस बुडाला. औषध अर्धवट सुटलं की जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि पुढचा उपचार कितीतरी जड होतो. असं सांगणारे मला सगळ्या धर्मांत भेटले. अंगारा देणारे भेटले, तावीज देणारे भेटले, तेल लावून प्रार्थना करणारे भेटले. आजाऱ्याच्या उशाशी बसून कुणी प्रार्थना केली तर माझी काही तक्रार नाही. ती ऐकताना रोग्याच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याला एकटं वाटत नाही, हे मी पाहिलं आहे. पण गोळ्या बंद करायला लावणं हा गुन्हा आहे, आणि ‘आमच्यात आलात तर बरे व्हाल’ असं खाटेवरच्या माणसाला सांगणं मी त्याच्याच शेजारी ठेवते. ज्याला मरणाची भीती वाटते आहे, त्याला ‘नको’ म्हणायची ताकद कुठून यायची?

सेवा करणाऱ्यांनी धर्म सांगूच नये का, हा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. पुण्याला जाताना आपल्या गाडीच्या वाटेवर दौंड सोडलं की केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावला त्यांना जगवलं, शिकवलं. त्यातल्या पुष्कळ जणी पुढं ख्रिस्ती झाल्या. त्याआधी, १८८९ साली, त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि लवकरच ते पुण्याला नेलं. उच्चवर्णीय विधवांना शिकवायचं आणि त्यांच्या धर्माला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि मुलींना तिथं यायला मनाई नव्हती. काही मुली जाऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

मला विचाराल तर मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, ही पालकांची तक्रार खोटी नव्हती. निवाऱ्याला दुसरी जागा नसलेल्या मुलीसमोर, जिच्या हातात तो निवारा आहे तीच रोज प्रार्थना करते, तेव्हा त्या उघड्या दाराचंही ओझं होतं. पण त्याच वेळी मला राग येतो तो पुण्यातल्या त्या ओरडणाऱ्यांचा. या मुलींचं केशवपन होत होतं, त्यांना एक वेळ जेवून अंधाऱ्या खोलीत दिवस काढावे लागत होते, तेव्हा त्यांच्या धर्माची काळजी कुणाला नव्हती. ती सुरू झाली त्या प्रार्थनेला बसल्यावर. आजही धर्मांतराची बातमी आली की आपण कोण आलं होतं ते शोधतो. त्या घरात गेल्या वर्षी दवाखान्याचं बिल कुणी भरलं, हे शोधत नाही.

धर्म बदलायला माणसाला किती वेळ लागावा? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला जाहीर केलं की, मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधे एकवीस वर्षं गेली. येवल्याच्या घोषणेनंतर निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे धावले होते. बाबासाहेबांनी सगळ्यांचं ऐकलं, वाचन केलं, प्रश्न विचारले, आणि कुणाच्याही घाईनं पाऊल उचललं नाही. १९३८ च्या सुरुवातीला इथं सोलापुरात ते ख्रिस्ती समाजापुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याबद्दलचा आदर त्यांनी सांगितला, आणि धर्मांतर केलेल्यांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा दिला नाही, हेही तोंडावर सांगितलं. ज्यांच्याकडे जाण्याचा पर्याय समोर होता, त्यांनाच त्यांनी असा जाब विचारला. आपल्या अक्काला बाबासाहेबांइतकी पुस्तकं वाचता येणार नाहीत. पण वेळ तर तिलाही दिला पाहिजे. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन आणि इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणाऱ्या ख्रिस्ती मंडळींची जागतिक संघटना यांनी मिळून २०११ मध्ये धर्मप्रसारकांसाठी आचारसंहिता काढली. फसवणूक नको, आमिष नको, आणि धर्म बदलण्यापूर्वी माणसाला विचाराला पुरेसा अवधी मिळाला पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे जो प्रचारक ‘आजच ठरवा’ म्हणतो, तो त्याच्याच वडीलधाऱ्यांचं ऐकत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदानं प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाध न आणता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही.

पण कायद्यात बसणाऱ्या गोष्टींनीही मन दुखावतं. काही पत्रकांत आपल्या कुलदैवताला सैतान म्हटलेलं असतं. उलट बाजूनं चालणारी शिवीगाळही आपण ऐकतो. याबद्दल पंढरपूरची आपली भीमा खाली वाहत जाते तिथं, कलबुर्गी जिल्ह्यातल्या सन्नतीला, एक फार जुना मजकूर आहे. सोलापुरातली कितीतरी घरं तिथल्या चंद्रलांबा देवीला जातात. त्या देवस्थानात कालीच्या मूर्तीखाली बसवलेल्या शिळेवर सम्राट अशोकाचे लेख निघाले. त्यात त्याचा बारावा शिलालेख आहे. त्याचा आशय असा की, वाणीवर संयम ठेवावा, विनाकारण आपल्या पंथाची थोरवी आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, असं करणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो, आणि सगळ्यांनी एकमेकांचा धर्म ऐकावा. हे लिहवून घेणारा राजा धर्माच्या कामासाठी दूरदेशी दूत पाठवणारा होता, म्हणून त्याच्या शब्दाला माझ्या लेखी फार वजन आहे.

श्रोतेहो, हीच कसोटी आपल्या स्वतःच्या गल्लीलाही लावा. उत्सवाची, जयंतीची वर्गणी मागायला पंधरा-वीस पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात. दुसऱ्या धर्माचा दुकानदार असो की हातावर पोट असलेली बाई असो, त्यांना ‘नको’ म्हणता येतं का? म्हटलं तर दुसऱ्या दिवशी नळावर कुणी बोलत नाही. देवाच्या नावानं चाललेली तीही बळजबरीच आहे, आणि ती आपलीच मुलं करतात. त्यांना थांबवणं आपल्या हातात आहे.

धर्म सांगत फिरणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. घरात फक्त पोरं असतील तर पायरी चढू नका. आधी वेळ विचारा. नको म्हटलं की निघा, आणि पुन्हा नव्या चेहऱ्याची जोडी पाठवू नका. शाळेची फी, औषध, धान्य देणार असाल तर जरूर द्या, पण त्या दिवशी धर्माचं काही बोलू नका. घरातल्या बायांनाही सांगते, ‘आम्हाला नको, या तुम्ही’ असं म्हणण्यात अतिथीचा अपमान होत नाही. तो शब्द जिभेवर असू द्या.

आणि गल्लीतल्या कर्त्या माणसांना सांगते. कुणी पुस्तिका घेऊन आलं म्हणून जमाव करून त्यांच्या पिशव्या ओढणं, त्यांना मारणं, मग त्या अक्काच्या दारात जाऊन ‘यांना आत का घेतलं?’ म्हणून तिला जाब विचारणं, हे सगळं थांबायला हवं. तिला कुणी धमकावलं असेल, फसवलं असेल, तर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा, तक्रार लिहायला मदत करा, आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली असेल तर तीही भरून द्या. तिनं आपल्या मर्जीनं त्यांचं ऐकलं असेल, पुस्तिका ठेवून घेतली असेल, उद्या वाचणार असेल, तर ते तिचं तिला ठरवू द्या.

नमस्कार.